तीन इंजिनं, तीन कार्बोरेटर: इंधनमार्गाच्या दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर

तीन यंत्रं एकत्र कामाला घेतली आहेत. तिघांचीही तक्रार वरवर एकच: ‘कार्बोरेटर खराब’. कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग.

मोटारसायकल: १५० सीसी, एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक, व्हॅक्यूमवर उचलणारी स्लाइड असलेला सीव्ही कार्बोरेटर. चोक ओढल्याशिवाय चालू राहत नाही. आयडलिंग टिकत नाही. गरम झाल्यावर रस्त्यात वीसेक मिनिटांनी झटके देत बंद पडते आणि थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू होते.

जनरेटर: फोर-स्ट्रोक, तळाला पेट्रोल साठवणारी वाटी असलेला साधा कार्बोरेटर. लोड नसताना रेस सतत आपोआप वर-खाली होते. लोड टाकला की बरीचशी स्थिर होते.

गवत कापायचं यंत्र: टू-स्ट्रोक, डायफ्रामचा (लवचीक पडद्याचा) कार्बोरेटर. आयडलिंग बरं, पूर्ण थ्रॉटल दिला की दम सोडतं.

कामाचा नियम आधीच लिहून ठेवला आहे. मिक्श्चर स्क्रूला, म्हणजे आयडलिंगचं हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूला, सगळ्यात शेवटी हात लावायचा. कालपर्यंत नीट चालणारं इंजिन स्क्रू आपोआप फिरल्यामुळे बिघडत नाही. काहीतरी तुंबतं, झिजतं, फाटतं किंवा गळतं. ते सापडायच्या आधी स्क्रू फिरवला तर मूळ दोष झाकला जातो आणि कंपनीचं सेटिंगही हातचं जातं. दुसरं: एका वेळी एकच बदल, मग चाचणी, मग नोंद.

५ नोव्हेंबर

दोष इंधनाचा आहे की नाही, हे आधी ठरवलं.

मोटारसायकल. थंड इंजिन, चोक ओढून काही किक मारल्या आणि लगेच प्लग काढला. इलेक्ट्रोड कोरडा, पेट्रोलचा वास जेमतेम. प्लग ओला असता तर संशय स्पार्कवर किंवा जास्त पेट्रोलवर गेला असता. स्पार्क टेस्टरवर अंतर ६ मिमी ठेवून पाहिलं: निळा, टणटणीत, दर वेळी येणारा. टेस्टर प्लगच्या भोकापासून लांब धरायचा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.

प्लगच्या भोकातून २ ते ३ मिली पेट्रोल टाकलं, प्लग बसवला, किक मारली. इंजिन दोन-तीन सेकंद चाललं आणि बंद पडलं. म्हणजे स्पार्क आणि कॉम्प्रेशन दोन्ही कामापुरते आहेत, पेट्रोलच आत पोचत नाही. चाचणी लहानशी आहे, पण पुढचं बरंच चुकीचं काम वाचवते.

कॉम्प्रेशन ११ किलो प्रति चौ. सेंमी आलं. मोजताना थ्रॉटल पूर्ण उघडा हवा. बंद थ्रॉटलवर सिलिंडरला हवाच मिळत नाही आणि चांगलं इंजिनही मेलेलं दिसतं.

व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतली फट) इंजिन थंड असताना पाहिला. मॅन्युअलप्रमाणे इनलेट ०.०८, एक्झॉस्ट ०.१० मिमी. इनलेट ०.०३ निघाला, तो ०.०८ वर आणला. क्लिअरन्स आवळलेला असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह नीट टेकत नाही, आयडलिंग डळमळतं, कार्बोरेटरमधून फुसफुस येते, आणि ही सगळी लक्षणं हुबेहूब तुंबलेल्या पायलट जेटसारखी (आयडलिंगचं पेट्रोल देणाऱ्या बारीक छिद्राच्या भागासारखी) दिसतात. म्हणून कार्बोरेटर उघडण्याआधी फीलर गेज.

‘गरम झाल्यावर बंद’ या तक्रारीत इग्निशन कॉइलही संशयित असते. ते पुढच्या वेळी बंद पडताच तपासायचं: लगेच स्पार्क पाहायचा आणि लगेच टाकीचं झाकण उघडून पाहायचं. स्पार्क ठीक असेल आणि झाकण उघडताना हवा आत शिरल्याचा आवाज आला, तर संशय कॉइलवर नाही, झाकणावर.

७ नोव्हेंबर

प्रवाहाची मोजणी. कार्बोरेटरकडची नळी काढून मापाच्या भांड्यात सोडली, कॉक उघडला, घड्याळ लावलं.

किती पेट्रोल पुरेसं, याचा हिशोब सोपा आहे. ताशी ९० किमी वेगाला लिटरमागे ३० किमी धरलं, तर तासाला ३ लिटर, म्हणजे मिनिटाला ५० मिली. वाटी भरलेली राहायची तर कॉकमधून याच्या किमान तिप्पट-चौपट यायला हवं.

झाकण उघडं, कॉक ‘ऑन’: मिनिटाला २४० मिली. उत्तम.
झाकण उघडं, कॉक ‘रिझर्व्ह’: मिनिटाला ९० मिली, तेही तुटक.
झाकण बंद, कॉक ‘ऑन’: सुरुवात २४०नेच, मग धार बारीक होत चौथ्या मिनिटाला थेंबांवर आली. झाकण उघडताच सुस्कारा, आणि धार परत पूर्ववत.

वीस मिनिटांनी गाडी बंद पडण्याचं कारण इथेच सापडलं. झाकणातलं हवेचं छिद्र बंद आहे. पेट्रोल खाली जातं, तेवढी हवा वर यायला हवी. ती आली नाही की टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल अडतं. टाकी काठोकाठ भरलेली असताना हे लवकर घडतं, अर्धी रिकामी असताना उशिरा, म्हणून तक्रार ‘कधी होते, कधी होत नाही’ अशी येते. झाकण खोलून छिद्र आणि आतला लहान व्हॉल्व्ह साफ केला. तोंडाने फुंकून पाहायचा मोह टाळावा, पिचकारीने किंवा पंपाने हवा द्यावी.

रिझर्व्हचा कमी प्रवाह म्हणजे तळाची जाळी गंजाने भरली आहे. रिझर्व्हचं तोंड टाकीच्या अगदी तळाला असतं, आणि पाणी व गंज दोन्ही तिथेच बसतात.

जुन्या पेट्रोलचा नमुना काचेच्या बाटलीत ठेवला होता. तळाला बोटभर वेगळा, गढूळ थर आला आहे. १० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल सामान्य तापमानाला लिटरमागे साधारण ५ मिली पाणी पोटात ठेवू शकतं. त्याहून जास्त पाणी आलं किंवा तापमान बरंच उतरलं, की पाणी आणि अल्कोहोल मिळून तळाला बसतात. कार्बोरेटरला आधी तोच थर मिळतो. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही कमी झालेला असतो, म्हणून वरचं गाळून वापरण्यात अर्थ नाही. सगळं बाजूला काढलं.

नव्या पेट्रोलात इथेनॉल किती, तेही पाहिलं. १०० मिलीच्या मापनळीत १० मिली पाणी, ९० मिली पेट्रोल, तोंड बंद करून हलवलं, मग स्थिर ठेवलं. खालचा थर १० वरून १९ मिलीवर गेला. वाढलेले ९ मिली इथेनॉलचे, म्हणजे ९० मिलीत साधारण १० टक्के. ही अंदाजी चाचणी आहे, पण जेट ठरवायला पुरेशी.

१० नोव्हेंबर

टाकीचा गंज. टाकी १२ लिटरची. कॉक आणि इंधनपातळीचा सेन्सर काढला, भोकं रबरी पट्टी व चकतीने बंद केली. आधी गरम पाणी आणि भांडी घासायचा साबण. आत तेलकट थर राहिला तर आम्ल गंजापर्यंत पोचतच नाही. मग सायट्रिक आम्ल, लिटरला ८० ग्रॅम, टाकी काठापर्यंत भरून रात्रभर. अर्धवट भरली तर वरच्या भागाचा गंज तसाच राहतो आणि तोच पुढे सुटून खाली येतो.

सकाळी पाणी हिरवट-काळं. जिथे गंज जाड होता तिथे मूठभर नट टाकून टाकी हलवली आणि नट मोजून परत काढले. पाण्याने धुऊन लिटरला ५० ग्रॅम खाण्याचा सोडा टाकलेलं पाणी, पुन्हा साधं पाणी. त्यानंतर एक मिनिटही थांबायचं नाही. उघडं लोखंड डोळ्यांदेखत पिवळं पडतं. गरम हवेने लगेच कोरडी केली. टाकी साबणाने धुतलेली असल्यामुळेच गरम हवा चालते, पेट्रोलची वाफ असलेल्या टाकीत ती कधीही नाही. शेवटी २०० मिली पेट्रोलात २० मिली टू-स्ट्रोक ऑइल मिसळून आतून फिरवलं.

हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलं नाही. गंजाबरोबर ते चांगला पत्राही खातं, आणि धुतल्यावर गंज झपाट्याने परततो. सायट्रिकचा ओघळही बाहेरच्या रंगावर सुकू देऊ नये.

नळीत फिल्टर बसवायचा तर बारीक जाळीचा, गुरुत्वाने वाहणाऱ्या इंधनासाठी असलेला. पंपाच्या गाडीचा दाट कागदी फिल्टर इथे प्रवाह निम्म्यावर आणतो. नळी सतत उताराची हवी. मध्ये वर चढून खाली आलेला वेढा असेल तर त्यात हवेचा फुगा अडकतो.

१३ नोव्हेंबर

मोटारसायकलचा कार्बोरेटर उतरवला. बॅटरीची वायर सोडली, वाटीचा ड्रेन स्क्रू उघडून पेट्रोल पांढऱ्या भांड्यात घेतलं. तळाला तांबूस भुकटी आणि पाण्याचे गोळे.

वाटीचे स्क्रू जपानी मापाचे आहेत. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यांच्या खाचेत तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर उचलला जातो आणि खाच गोल होते. जेआयएस टोकाचा स्क्रूड्रायव्हर वापरला, आधी टोकावर हलका ठोका. घट्ट बसलेल्या स्क्रूवर भेदक तेल आणि थोडा वेळ. अॅल्युमिनिअम-जस्ताच्या मिश्रधातूचे आटे मऊ असतात, एकदा गेले की गेले.

मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी हलकेच आत टेकेपर्यंत फिरवून वळसे मोजले: सव्वादोन. जोराने आवळला तर टोकाची सुई छिद्रात रुतते, छिद्राची कड फुटते, आणि मग आयडलिंग कधीच नीट बसत नाही. स्क्रूमागोमाग स्प्रिंग, वॉशर, ओ-रिंग या क्रमाने बाहेर यायला हवेत. ओ-रिंग बहुधा आतच चिकटून राहते, आणि ती न काढता नवी बसवली जाते. मग दोन ओ-रिंग्जमुळे स्क्रू बसतच नाही. वाकवलेल्या बारीक तारेने काढली: सपाट झालेली, कडक.

जेटवरचे आकडे: पायलट ३५, मेन (जास्त थ्रॉटलचं पेट्रोल देणारा) १०५. हे आकडे वेगवेगळ्या कंपन्यांमध्ये एकमेकांशी लावू नयेत. काहींचा आकडा छिद्राच्या व्यासाचा, काहींचा प्रवाहाचा असतो.

पायलट जेट दिव्यासमोर धरला: उजेड नाही. हाच मुख्य दोष. ०.३५ मिमीच्या छिद्राला वाळलेल्या पेट्रोलचा चिकट थर पुरतो. मेन जेट एक मिमीच्या आसपासचा असल्याने तो सहसा वाचतो, म्हणून अशी गाडी रेसवर चालते आणि आयडलिंगला मरते. चोक ओढला की दुसऱ्या वाटेने पेट्रोल मिळतं, म्हणून चोकवर जगते.

जेट क्लीनरमध्ये बुडवून ठेवला, मग तांब्याच्या वायरीतला एक केस घालून मोकळा केला, मग हवा. पोलादी तार, सुई, ड्रिल काही घालायचं नाही. पितळ मऊ असतं, छिद्र किंचित मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बदलतं.

पण जेट साफ झाला म्हणजे पायलट मार्ग साफ झाला असं नाही. बहुतेक अर्धवट दुरुस्त्या इथेच फसतात. थ्रॉटलच्या चकतीच्या कडेजवळ इंजिनच्या बाजूला एक आयडल छिद्र आणि त्याच्या शेजारी दोन-तीन बारीक बायपास छिद्रं असतात. थ्रॉटल जरासा उघडताच पेट्रोल त्यांतून यायला लागतं. ती बंद असतील तर आयडलिंग बसतं, पण थ्रॉटल देताना सुरुवातीलाच खड्डा पडल्यासारखी गाडी अडते. पायलट जेटच्या जागेतून क्लीनरची फवारणी केली आणि प्रत्येक छिद्रातून वेगळी धार येते का पाहिलं. एकातून आली नाही. पुन्हा भिजवलं, पुन्हा फवारलं, तेव्हा आली. हवेच्या बाजूच्या तोंडातलं पायलट एअर जेटही तसंच तपासलं. फवारताना डोळ्यांवर चष्मा हवाच, धार हमखास उलटी चेहऱ्यावर येते.

अल्ट्रासॉनिक टबमध्ये धातूचा सांगाडा ५० ते ६० अंशांच्या पाण्यात १५ मिनिटं, सौम्य क्षारीय साबणासह. त्याआधी सगळं रबर, प्लॅस्टिक, स्लाइडचा डायफ्राम, फ्लोट बाहेर. क्लीनरने डायफ्राम फुगतो आणि पुन्हा खाचेत बसत नाही. दाबाची हवाही फ्लोट आणि डायफ्राम काढल्यावरच. लिंबू किंवा व्हिनेगरचा मारा कार्बोरेटरच्या मिश्रधातूवर करू नये, पृष्ठभाग काळवंडून खरवडला जातो.

नीडल जेटचं (स्लाइडची सुई ज्यात वर-खाली होते त्या जेटचं) छिद्र भिंगाखाली पाहिलं. गोल आहे. लंबगोल झालं असतं तर पाव ते अर्ध्या थ्रॉटलला मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) झालं असतं आणि कितीही साफसफाई करून प्लग काळाच राहिला असता.

१५ नोव्हेंबर

फ्लोट, म्हणजे वाटीतला तरंगता भाग. पातळी भरली की तो नीडल व्हॉल्व्ह बंद करतो. या नीडल व्हॉल्व्हच्या रबरी टोकावर गोल खाच पडली आहे. नखाला लागते, म्हणजे बदलायची. बसायची जागा कापसाच्या काडीला धातू चमकवायचं मलम लावून घासली आणि पूर्ण धुतली.

पोकळ फ्लोट ६०-७० अंशांच्या गरम पाण्यात बुडवला. चीर असेल तर आतली हवा प्रसरण पावून बुडबुडे येतात. आले नाहीत. हलवून आत पेट्रोल खळखळतं का, तेही पाहावं.

उंची मोजताना कार्बोरेटर तिरका धरायचा, फ्लोटची जीभ नीडलच्या पिनेला नुसती टेकली पाहिजे. पिनेतली बारीक स्प्रिंग दबली की माप खोटं. माप मॅन्युअलपेक्षा २ मिमी कमी होतं, म्हणजे फ्लोट उशिरा बंद होत होता आणि पातळी वर चढत होती. जीभ अगदी किंचित वाकवून माप जुळवलं.

मापावर समाधान मानलं नाही. ड्रेनच्या तोंडाला पारदर्शक नळी लावून वाटीच्या सांध्याशेजारी उभी धरली, कॉक उघडला, ड्रेन स्क्रू सैल केला. नळीत दिसणारी पातळी हीच वाटीतली खरी पातळी. गाडी सरळ उभी हवी. पातळी वर असेल तर सगळ्या थ्रॉटलवर मिश्रण रिच आणि वळणावर ओव्हरफ्लो. खाली असेल तर लांब चढावर वाटी रिकामी.

१६ नोव्हेंबर

स्लाइडचा डायफ्राम उजेडासमोर ताणून पाहिला. घडीच्या कडेला टाचणीएवढं छिद्र. अर्ध्या थ्रॉटलनंतरचे झटके यामुळेच: व्हॅक्यूम गळतो आणि स्लाइड पूर्ण उचलत नाही. गोंद लावून उपयोग नाही, पेट्रोलच्या वाफेत तो सुटतो. नवा बसवला. कडेची जीभ तिच्या खाचेत, झाकण लावताना स्लाइड बोटाने थोडी वर धरायची, म्हणजे कड दुमडत नाही. तपासणी: स्लाइड वर उचलून डायफ्रामखालचं हवेचं छिद्र बोटाने बंद केलं आणि सोडली. हळूहळू उतरली. धपकन पडली असती तर अजून गळती.

१८ नोव्हेंबर

बसवणी आणि ट्यूनिंग.

इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामधलं रबर हाताने पिळून पाहिलं. वरून ठीक, पण खालच्या बाजूला आरपार तडा, जिथे नजर जात नाही. नवं रबर, नवी ओ-रिंग. या गळतीची खूण अशी: थ्रॉटल सोडला तरी रेस लगेच उतरत नाही, लटकत राहते. तपासायला चालू इंजिनवर सांध्यांवर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा. आयडलिंग बदललं तर तिथे गळती. काहीजण पेट्रोल किंवा क्लीनर फवारतात, गरम एक्झॉस्टशेजारी ते करू नये.

काम उघड्यावर, अग्निशामक हाताशी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत लांबवर पसरते.

दहा मिनिटं चालवून इंजिन गरम केलं, एअर फिल्टर जागेवर ठेवून. फिल्टर काढून केलेलं ट्यूनिंग फिल्टर लावताच बिघडतं. आयडलिंग मिनिटाला १४०० फेऱ्यांवर आणलं.

मिक्श्चर स्क्रू कुठे आहे, यावर त्याची दिशा ठरते. थ्रॉटलच्या इंजिनकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल नियंत्रित करतो: बाहेर काढला की रिच. फिल्टरकडच्या बाजूला असेल तर हवा नियंत्रित करतो: बाहेर काढला की लीन (पेट्रोल कमी). हे न पाहता ‘अर्धा वळसा सोड’ असा सल्ला देणं धोक्याचं. इथे तो इंजिनकडे आहे. हळूहळू फिरवून जिथे रेस सर्वांत वर गेली तिथे थांबवला, मग आयडल स्क्रूने १४०० वर परत आणलं, पुन्हा एकदा तसंच. अडीच वळशांवर बसला. एक वळशाच्या आत बसला असता तर कुठून तरी जादा पेट्रोल येत आहे, तीनच्या पुढे गेला असता तर पायलट मार्ग अजून तुंबलेला आहे किंवा जेट लहान आहे, असं समजून परत उघडावा लागला असता.

थ्रॉटलच्या मुठीवर आणि शेजारी चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या. कुठला भाग कुठे बोलतो हे त्याशिवाय कळत नाही. बंद ते एक-अष्टमांश पायलट आणि मिक्श्चर स्क्रू, पावपासून पाऊणपर्यंत स्लाइडची नीडल, पाऊणच्या पुढे मेन जेट. या हद्दी एकमेकांवर चढतात, पण दोष शोधायला पुरेशा आहेत.

पूर्ण थ्रॉटलवर चाचणी. मूठ किंचित मागे घेताच गाडी जास्त ओढायला लागली. हे मेन जेट लीन असल्याचं लक्षण. अर्थ लागतो: शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे १४.१ पट. म्हणजे त्याच हवेला साधारण ४ टक्के जास्त इंधन हवं. छिद्राचं क्षेत्रफळ ४ टक्के वाढवायचं तर व्यास २ टक्के वाढतो: १०५ चा १०७. याच मालिकेतला १०८ बसवला. मूठ मागे घेतल्यावर आता ओढ कमी होते, जशी व्हायला हवी. पूर्ण थ्रॉटलवरून एकदम इंजिन बंद करून, क्लच दाबून थांबवून प्लग पाहिला: चिनी मातीच्या तळाशी फिकट तपकिरी कडं. आयडलिंगवर घरी परत आणून पाहिलेल्या प्लगवरून मेन जेटबद्दल काहीच कळत नाही.

२१ नोव्हेंबर

जनरेटर. सुरू करण्याआधी डिपस्टिक पाहिली. ऑइलची पातळी खुणेच्या वर, वास पेट्रोलचा. फ्लोट नीडल गळत होती आणि कॉक उघडाच ठेवला जात होता, म्हणून पेट्रोल रातोरात सिलिंडरमधून क्रँककेसमध्ये उतरलं. असं पातळ ऑइल घेऊन इंजिन चालवलं तर बेअरिंग जातं, आणि सिलिंडर पेट्रोलने भरलेला असताना जोराने दोरी ओढली तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी प्लग काढून दोरी हळू ओढली, आतलं पेट्रोल बाहेर. इग्निशन बंद. ऑइल बदललं, आता नवी नीडल.

रेसचे हेलकावे. चोक अर्धा ओढताच रेस स्थिर झाली, म्हणजे मिश्रण लीन. गव्हर्नर (रेस स्थिर ठेवायला थ्रॉटल आपोआप हलवणारी यंत्रणा) निर्दोष आहे: रेस पडते, तो थ्रॉटल उघडतो, मेन जेटमधून पेट्रोल येतं, रेस चढते, तो बंद करतो, पायलटमधून काही येत नाही, रेस पुन्हा पडते. गव्हर्नरची स्प्रिंग ताणून हा दोष जात नाही, फक्त जनरेटर जादा वेगाने फिरतो आणि व्होल्टेज चढतं.

या कार्बोरेटरमध्ये पायलट जेट आयडल स्क्रूखाली दडलेला, वरून प्लॅस्टिकचं टोपण असलेला असतो. स्क्रू काढून बाजूने उचलला. तुंबलेला होता. मेन जेटच्या वरची इमल्शन ट्यूबही उलटी करून बाहेर काढली, तिच्या अंगावरच्या आडव्या छिद्रांपैकी निम्मी बंद. ती न काढता फक्त मेन जेट साफ करणं निरर्थक आहे.

गॅस्केट दोन आहेत आणि सारखे दिसतात. एकात वाटीच्या हवेसाठी भोक आहे, दुसऱ्यात नाही. अदलाबदल झाली तर वाटीला हवा मिळत नाही आणि सगळं साफ असूनही इंजिन उपाशी राहतं. उतरवताना क्रमाने तारेत ओवून ठेवले होते.

बसवल्यावर लोड नसताना ५२ हर्ट्झ, म्हणजे दोन पोलच्या जनरेटरला मिनिटाला ३१२० फेरे. हीटरचा लोड टाकल्यावर ५० च्या आसपास. हेलकावे गेले.

२४ नोव्हेंबर

गवत कापायचं यंत्र. इथे वाटी नाही, फ्लोट नाही. क्रँककेसच्या दाब-व्हॅक्यूमवर एक डायफ्राम (पंप) पेट्रोल खेचतो, दुसरा (मीटरिंग) ते मोजून देतो. म्हणून यंत्र तिरकं, उलटं कसंही चालतं.

आधी सोप्या जागा. टाकीतला फिल्टर आकड्याने बाहेर काढला: तपकिरी, कडक. टाकीतल्या रबरी नळीला झाकणाच्या भोकाजवळ चीर. चिरेतून हवा शिरते, आणि पूर्ण थ्रॉटललाच कमी पडतं. दोन्ही बदलले. टाकीचा हवेचा व्हॉल्व्ह तपासला. सायलेन्सरची ठिणगी-जाळी काजळीने भरलेली, ती घासली. जाळी तुंबली तरी लक्षण हेच: वरच्या रेसला दम नाही.

कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या तोंडाला हातपंप लावून ०.५ बार दाब दिला. काटा उतरत गेला, म्हणजे आतली सुई बसत नाही. उघडलं. मीटरिंग डायफ्राम पत्र्यासारखा कडक, हलवताना करकरतो. चांगला डायफ्राम मऊ आणि निःशब्द असतो. पूर्ण संच बदलला: दोन्ही डायफ्राम, गॅस्केट, सुई, स्प्रिंग. मीटरिंग बाजूला सांगाड्याला आधी गॅस्केट, मग डायफ्राम. पंपाच्या बाजूला बहुतेक कार्बोरेटरांत क्रम उलटा: आधी डायफ्राम, मग गॅस्केट. उघडताना फोटो काढून ठेवावा. सुई उचलणाऱ्या लिव्हरची उंची सरळपट्टीने पाहिली, या कार्बोरेटरला ती कप्प्याच्या तळाशी समपातळीत हवी. उंच असेल तर रिच, खाली असेल तर लीन. दाब आता स्थिर.

मिश्रण ५०:१, लिटरला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल. ‘सुरक्षित’ म्हणून ऑइल वाढवलं तर तेवढ्याच मापात पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण उलट लीन होतं.

एल (कमी रेसचा) आणि एच (जास्त रेसचा) दोन्ही मिश्रणाचे स्क्रू एक वळसा सोडून सुरुवात. एल सर्वांत वरच्या रेसवर आणून मग एक-अष्टमांश वळसा बाहेर, म्हणजे थ्रॉटल देताना अडखळत नाही. एच पूर्ण थ्रॉटलवर, गवत कापायचा दोरा पूर्ण लांबीचा ठेवून: आवाज भरलेला, किंचित अडखळता होईपर्यंत बाहेर, मग गवतात घातल्यावर जेमतेम मोकळा होईल इतका आत. टॅकोमीटरवर कंपनीची कमाल मर्यादा ओलांडू द्यायची नाही. कानाला गोड लागणारा तीव्र, स्वच्छ आवाज म्हणजे टू-स्ट्रोकमध्ये लीन मिश्रण. पेट्रोलाबरोबर ऑइलही कमी जातं आणि पिस्टन जाम होतो.

२७ नोव्हेंबर

मोटारसायकलच्या ओव्हरफ्लो नळीतून थेंब. पातळी पुन्हा मोजली, बरोबर. वाटी उघडली: नीडलच्या जागेवर काळ्या रबराचा कण. नवी नळी बोथट कात्रीने कापली गेल्याने तिच्या तोंडाचा तुकडा आत गेला, आणि तो फिल्टरच्या पुढच्या तुकड्यातला असल्याने अडला नाही. नळी धारदार पात्याने सरळ कापून, आतून हवा मारून मगच बसवली. थेंब थांबले.

ओव्हरफ्लो नळीचं तोंड एक्झॉस्टपासून दूर, खाली मोकळं ठेवलं. चिमटलेलं राहिलं तर गळती इंजिनात जाते.

३० नोव्हेंबर

तिन्ही यंत्रं काही महिने उभी राहणार, त्याची तयारी.

मोटारसायकल: टाकी गळ्यापर्यंत भरलेली, लेबलवरच्या मापाने स्टॅबिलायझर. तो टाकल्यावर दहा मिनिटं इंजिन चालवलं, म्हणजे औषध घातलेलं पेट्रोल जेटपर्यंत पोचतं. मग कॉक बंद, आणि वाटी ड्रेन स्क्रूने रिकामी. नुसतं इंजिन बंद पडेपर्यंत चालवलं तर वाटीच्या तळाशी थोडं पेट्रोल उरतं, आणि नेमकं तेवढंच वाळून पायलट जेट बंद करतं.

जनरेटर: कॉक बंद, वाटी रिकामी, टाकीही रिकामी. इथे टाकी लहान असल्याने भरून ठेवण्यात फायदा नाही.

गवत कापायचं यंत्र: टाकी ओतून रिकामी, प्राइमरचा फुगा दाबून नळ्या मोकळ्या, मग चालवून आपोआप बंद होऊ दिलं. उरलेलं मिश्रण बंद धातूच्या डब्यात, डब्यावर तारीख आणि ५०:१. महिन्यानंतर ते या यंत्रात घालायचं नाही.